लाखेची तबकडी

जुन्या जालन्यात माझे आजोळ होते. घर माळवदाचे, भिंती हातभर रुंद. मे महिन्यात दुपारच्या झळा वाहू लागल्या, की आम्ही मुले घराच्या मधल्या खोलीत आश्रय घेत असू. त्या खोलीतील फडताळात आजोबांचा ग्रामोफोन असे आणि त्याच्याशेजारी एका सागवानी पेटीत उभ्या लावून ठेवलेल्या बेचाळीस तबकड्या असत. ग्रामोफोन हा शब्द मात्र घरात कोणी उच्चारीत नसे. आजी त्याला 'फोनो' म्हणे आणि आम्हीही फोनोच म्हणत असू.

या तबकड्या आजोबांनी निजामाच्या राजवटीत एकेक करून मुंबईहून आणल्या होत्या. त्या काळी मुंबईहून जालन्यास येताना मनमाडला गाडी बदलून छोट्या मीटर गेज गाडीत बसावे लागे. आजोबा तबकड्या गोधडीत गुंडाळून, ते गाठोडे मांडीवर घेऊन रात्रभर बसत. झोप आली तरी पाठ टेकीत नसत. कारण ती तबकडी हातून निसटली, तर मातीच्या परळासारखी फुटे.

फोनो लागायचा तो संध्याकाळी, दिवाबत्ती झाल्यावर. आजोबा प्रथम हात धुऊन पुसत. मग चावी देत. मग पत्र्याच्या चिमुकल्या डबीतून एक नवी टाचणी काढून कर्ण्याच्या तोंडाशी असलेल्या साउंडबॉक्समध्ये बसवीत. तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांत संपे. दुसरी बाजू लावण्यापूर्वी ते जुनी टाचणी काढून टाकीत व पुन्हा नवी लावीत. मला हा मोठा अपव्यय वाटे. जे आजोबा पाकिटाचा कोरा भागही फाडून हिशेबाला वापरीत, ते तीन मिनिटांत एक टाचणी फेकून देतात, याचा मला उलगडा होत नसे.

१९६६ सालची उन्हाळ्याची सुटी होती. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. (जालना त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता, स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला.) एके दुपारी सर्व मंडळी झोपली असताना मी पेटी उघडली. वरच्या तबकडीवर आमच्याकडची बारीक काळी धूळ बसली होती. ती तबकडी बालगंधर्वांच्या नाट्यपदांची. आजोबा ती पाडव्याच्या पहाटे हटकून लावीत. ती स्वच्छ करून ठेवावी आणि संध्याकाळी शाबासकी मिळवावी, असे माझ्या मनात आले. स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटविण्यासाठी निळ्या स्पिरिटची बाटली असे. त्या स्पिरिटने आरसा कसा लख्ख होतो, हे मी पाहिलेले होते. मी कापसाचा बोळा स्पिरिटात भिजविला आणि तबकडीवरून गोल गोल फिरविला.

बोळा काळाकुट्ट झाला. केवढी धूळ निघाली, असे मला वाटले! पण पाहता पाहता तबकडीची चकाकी नाहीशी झाली. ती राखेसारखी निस्तेज दिसू लागली आणि बोटाला चिकटू लागली. मी घाबरलो. ती सुकल्यावर हळूच यंत्रावर चढवून टाचणी टेकविली. पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज येऊ लागला आणि त्या पावसाच्या मागे दूर कोठे तरी गाणे होते. त्या आवाजाने आजोबा जागे झाले.

त्यांनी मला मारले नाही. "हे कशाने पुसलेस?" एवढेच विचारले.

"स्पिरिटने, आबा."

"अरे, ही लाखेची असते. सुतार कपाटाला पॉलिश करतो तेव्हा चपडी लाख कशात भिजत घालतो, ते पाहिले नाहीस का?"

मी पाहिले होते. स्पिरिटातच भिजत घालतो. लाख पाण्यात विरघळत नाही, पण स्पिरिटात विरघळते. मी धूळ पुसली नव्हती. बोळ्यावर आलेला काळा रंग तबकडीचाच होता. आजोबांनी ती कागदी पाकिटात घातली, पाकिटावर टाकाने तारीख लिहिली आणि खाली दोन शब्द लिहिले : 'वाजवू नये'. त्या संध्याकाळी फोनो लागला नाही.

आज प्लॅस्टिकच्या युगात लाखेचे गाणे ही कल्पना तुम्हांला चमत्कारिक वाटेल. फाल्गुनात तांबड्या फुलांनी पेटलेला पळस तुम्ही पाहिलाच असेल. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक अतिसूक्ष्म कीटक वस्ती करतो. तो झाडाचा रस शोषतो आणि आपल्या अंगाभोवती एक चिकट द्रव्य स्रवतो. ते वाळले की लाख होते. झारखंड व छत्तीसगडच्या जंगलांत आणि आपल्याकडे गोंदियाच्या बाजूस ही लाख गोळा करतात. एके काळी जगातील बहुतेक लाख भारतातून जात असे. दुसऱ्या महायुद्धात ती मिळेनाशी झाली, तेव्हा १९४२ साली अमेरिकेत तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर निर्बंध आले. नवी तबकडी हवी असेल तर जुनी परत आणा, असे दुकानदार गिऱ्हाइकास सांगू लागले. जुन्या तबकड्या दळून, वितळवून नव्या केल्या जात. त्या जुन्या तबकड्यांबरोबर किती गाणी दळली गेली असतील, कोण जाणे!

तथापि तबकडी केवळ लाखेची नसे. तिच्यात लाख निम्म्याहूनही कमी. उरलेले बहुतेक दगडाचे बारीक पीठ आणि थोडी काजळी. या दगडाच्या पिठातच आजोबांच्या टाचणीचे रहस्य होते.

एक प्रश्न विचारतो. तबकडीच्या एका बाजूवर किती खाचा असतात? शंभर? दोनशे? उत्तर आहे : एक. बाहेरच्या कडेपासून आतपर्यंत गुंडाळत गेलेली ती एकच अखंड खाच असते. दहा इंचांच्या तबकडीवरील ही खाच सरळ उलगडली, तर सुमारे सव्वाशे मीटर लांब होईल. रुंदी मात्र मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढीच. ही खाच सरळ नसते. ती डावी-उजवीकडे अतिसूक्ष्म वळणे घेत जाते. गायकाचा स्वर उंच असेल तर वळणे दाट पडतात, आवाज मोठा असेल तर वळणे रुंद होतात. एमिल बर्लिनर या संशोधकाने १८८७ साली ही युक्ती काढली. टाचणी त्या वळणांतून जाताना थरथरते, ती थरथर साउंडबॉक्समधील पातळ पडद्यास मिळते आणि कर्णा ती मोठी करतो. त्यात विजेचा संबंध नाही. चावीने ताणलेली एक स्प्रिंग तबकडी फिरविते, एवढेच.

आता टाचणीकडे वळू. साउंडबॉक्सचा शंभर ग्रॅमहून अधिक भार टाचणीच्या अग्रावर येई. एवढ्याशा टोकावर एवढे ओझे, आणि ते मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या खाचेत घासत जाणार. टाचणी पोलादाची, तबकडी लाखेची. तेव्हा झिजेल ती तबकडी, असे आपण म्हणू. परंतु कारागिरांनी तबकडीत दगडाचे पीठ मुद्दाम घातलेले असे. सहाणेवर सुरी घासावी तशी टाचणी पहिल्या काही फेऱ्यांतच खाचेच्या मापाची घासली जाई व खाचेत नीट बसे. बाजू संपेपर्यंत मात्र तिच्या दोन्ही अंगांना धार येई. अशी धारेची टाचणी पुन्हा खाचेत घातली, तर ती पटाशीसारखी खाचेचे काठ तासून काढी. म्हणून दर बाजूस नवी टाचणी. ज्या घरांत पैसे वाचविण्यासाठी एकच टाचणी आठवडाभर चालवीत, त्या घरच्या तबकड्या आज पाहाव्यात : काळ्या रंगात पांढुरक्या पट्ट्या दिसतात. जेथे गायकाने जोराची तान घेतली असेल, नेमक्या तेथेच पट्टी अधिक पांढरी असते. रुंद वळणांचे काठ सर्वांत आधी तुटतात. म्हणजे गाण्यातला जो भाग लोकांनी मन लावून ऐकला, तोच आधी झिजला.

दुसरी गोष्ट अशी की, बाहेरच्या कडेला खाच टाचणीखालून सेकंदास जवळजवळ एक मीटर या वेगाने जाते; आतल्या टोकाला वेग निम्म्याहूनही कमी होतो. तेथे तेवढ्याच काळातले स्वर कमी जागेत दाटीवाटीने कोरावे लागतात. त्यामुळे गाण्याचा शेवट सुरुवातीपेक्षा लवकर फाटका होतो. जुनी तबकडी ऐकताना अखेरच्या अर्ध्या मिनिटात आवाज चिरकू लागतो, तो यामुळे.

झीज ही वाजविण्याने होते. नुकसान न वाजविताही होते. आमच्या भागात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा वेळी आडव्या रचून ठेवलेल्या तबकड्या आपल्याच भाराने वाकतात आणि वाजविताना समुद्रावरील होडीसारख्या हेलकावतात. पावसाळ्यात दमट हवेने त्यांवर बुरशी धरते. कागदी पाकिटे वाळवी खाते. धुळीचे कण टाचणीबरोबर खाचेतून ओढले जातात आणि तिला ओरखडे पाडतात. कधी खाचेचा काठ तुटला, तर टाचणी पुढे न सरकता तोच फेरा पुन्हा पुन्हा घेते. तेच तेच बोलणाऱ्या माणसास 'याची पिन अडकली' असे आपण म्हणतो, ते येथूनच आले. आता ज्यांनी आयुष्यात पिन पाहिली नाही, तेही तसे म्हणतात.

लाखेनंतर व्हायनिल नावाच्या प्लॅस्टिकच्या तबकड्या आल्या. १९४८ साली अमेरिकेत मिनिटास सव्वातेहतीस नव्हे, ३३⅓ फेरे घेणारी मोठी तबकडी निघाली. तिची एक बाजू वीस मिनिटांहून अधिक चाले. ती पडली तरी सहसा फुटत नाही आणि तिच्यावरील सुई दोन-तीन ग्रॅमच भार टाकते. परंतु ती मऊ असल्याने तिला ओरखडा लवकर पडतो. कापडाने पुसली की तिच्यात स्थिरविद्युत निर्माण होते आणि ती धूळ आपल्याकडे ओढून घेते. उन्हात ठेवलेल्या मोटारीत ती विसरली, तर तिची पापडासारखी वळी होते. प्रत्येक द्रव्याचे शत्रू निराळे, हे ध्यानात ठेवले पाहिजे; मी ते स्पिरिटची बाटली हाती घेण्यापूर्वी ठेवले नव्हते.

एक तबकडी मात्र धूळ, ऊन, वाळवी या सर्वांपासून दूर आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. तिच्यात पृथ्वीवरील निवडक संगीत आहे आणि भारताकडून त्यात गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांचा भैरवीतील 'जात कहां हो' हा गानप्रकार आहे. तबकडीबरोबर सुईही दिलेली आहे. ती ज्यांना सापडेल त्यांनी ती पुन्हा पुन्हा वापरू नये, असे कोणी लिहून ठेवले आहे की नाही, अशी शंका मला उगीच येते!

पृथ्वीवरच्या तबकड्यांना असे भाग्य नाही. "जुनाट खरखरीत गाणी ती, नवीन गाणारे का थोडे आहेत?" असे म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांना मी भाऊराव कोल्हटकरांचे नाव सांगतो. किर्लोस्कर मंडळीच्या या थोर गायक नटाच्या आवाजाने आपले पणजोबा वेडावले होते. भाऊराव १९०१ साली वारले. तबकड्यांसाठी आवाज मुद्रित करणारा फ्रेड गैसबर्ग हा गृहस्थ १९०२ साली कलकत्त्यास उतरला व त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. अवघ्या वर्षाचे अंतर! भाऊरावांची वर्णने वाचावी तेवढी आहेत, परंतु त्यांचा आवाज कसा होता हे आता कोणासही ऐकविता येणार नाही. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, अब्दुल करीम खाँ यांचा ऐकविता येतो, तो या काळ्या तबकड्यांमुळे. ज्या धातूच्या ठशांवरून तबकड्या छापीत, ते कित्येक ठसे आज शिल्लक नाहीत. अशा वेळी कोणा घरच्या माळ्यावर पडलेली झिजकी प्रत हीच कदाचित त्या गाण्याची शेवटची प्रत असते.

ही जाण असलेली मंडळी आपल्याकडे आहेत. १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था स्थापन झाली. जुन्या तबकड्या शोधणे, त्यांच्या याद्या करणे, त्या एकत्र बसून ऐकणे हे काम या लोकांनी हौसेने केले. काही वर्षांपूर्वी आजोळचे घर उतरविण्याची वेळ आली, तेव्हा मी ती सागवानी पेटी घेऊन अशाच एका जाणत्या संग्राहकाकडे गेलो. बेचाळीसपैकी एकतीस तबकड्या उरल्या होत्या.

त्यांनी एक वाकलेली तबकडी प्रथम दोन जाड काचांमध्ये ठेवली, वर पुस्तकांचे ओझे ठेवले आणि ती काही दिवस उबदार खोलीत तशीच राहू दिली. ज्या उष्म्याने तबकडी वाकली होती, तोच उष्मा तिला सरळही करतो. मात्र घाई केली तर ती तडकते. नंतर धुण्याचे काम. तबकडी कडांवर धरून त्यांनी मऊ कुंचल्याने कोरडी धूळ झाडली. मधल्या कागदी चकतीस पाणी लागू नये म्हणून तीवर झाकण ठेवले. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे दोनच थेंब टाकून त्या पाण्याने कुंचला खाचेच्या दिशेने फिरविला, कधीही आडवा नाही. मग स्वच्छ पाणी, मग मऊ सुती कापड, मग सावलीत उभी ठेवणे. तबकडी पाण्यात भिजत मात्र ठेवावयाची नाही. पहिल्या धुण्याचे पाणी काळे निघाले. माझ्या पोटात गोळा आला. "घाबरू नका, ही तुमच्या जालन्याची माती आहे," ते हसून म्हणाले.

पुढचे काम कानांचे. संग्राहकांच्या यंत्रावर हलका दांडा व रत्नाच्या टोकाची सुई होती. अशा सुया त्यांच्यापाशी निरनिराळ्या जाडीच्या होत्या. जुन्या टाचणीने खाचेच्या भिंतीचा एक भाग झिजविलेला असतो. किंचित जाड किंवा किंचित बारीक सुई घेतली तर ती त्याच भिंतीच्या न झिजलेल्या भागास स्पर्श करते आणि हरवले असे वाटणारे गाणे पुन्हा ऐकू येते. फेऱ्यांची गतीही पारखावी लागते. आरंभीच्या तबकड्या नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या नसत. अठ्ठ्याहत्तरऐवजी त्र्याऐंशी फेरे दिले, तर गायकाचा आवाज अर्ध्या स्वराने चढतो आणि धीरगंभीर माणूस लगबगीने गाऊ लागतो. म्हणून तो गायक कोणत्या पट्टीत गात असे, हे माहीत असणारा माणूस शेजारी बसावा लागतो.

सुईने टिपलेला आवाज संगणकात घेतला, की तडे आणि ओरखडे यांचे 'टक टक' काढता येते. एका तबकडीस कडेपासून मध्यापर्यंत तडा होता. मिनिटास अठ्ठ्याहत्तर, म्हणजे तीन मिनिटांत दोनशे चौतीस वेळा तो टक्क वाजला. ते सर्व एकेक करून वेचावे लागले, भाताच्या खड्यांसारखे. परंतु यंत्राच्या हाती सारे सोपविता येत नाही. तबल्याची चाट यंत्रास ओरखड्यासारखी वाटते. तंबोऱ्याची जवारी आणि शब्दांतला 'स' हे खरखरीच्या शेजारीच राहतात. खरखर पुरती काढावयास गेलो, तर तेही निघून जातात आणि गायक उशी तोंडावर धरून गातो आहे असे वाटते. संग्राहकांनी थोडी खरखर ठेवली. मला ते पटले. एकदा सर्व काही पुसण्याचा प्रयोग मी करून पाहिला होता.

ज्या तबकड्यांचे तुकडे झाले आहेत, त्यांच्याकरिता आता आणखी एक मार्ग निघाला आहे. अमेरिकेतील बर्कली येथील प्रयोगशाळेत कार्ल हेबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी खाचेची अतिसूक्ष्म छायाचित्रे घेऊन, सुई न लावता, केवळ प्रकाशाने आवाज वाचण्याची रीत बसविली. फ्रान्समध्ये १८६० साली काजळी लावलेल्या कागदावर उमटविलेल्या रेघांतून मानवी आवाज २००८ साली पुन्हा ऐकविण्यात आला, तोही याच प्रयोगशाळेच्या साहाय्याने. तेथे ऐकण्याने काहीच झिजत नाही.

सर्वांत शेवटी पेटीच्या तळाशी ते पाकीट निघाले. शाई तपकिरी झाली होती : तारीख आणि 'वाजवू नये'. मी संग्राहकांना सर्व हकीकत सांगितली. त्यांनी तबकडी दिव्याखाली तिरपी धरली. करडा, मेलेला पृष्ठभाग. खाचांचे काठ विरघळून एकमेकांत मिसळलेले. त्यांनी मान हलविली. मग तबकडी उलटी केली.

मागची बाजू काळीभोर चमकत होती. मी त्या दुपारी एकच बाजू पुसली होती! पाकिटावरील दोन शब्दांना मान देऊन घरात ती तबकडी पुन्हा कोणी बाहेर काढली नव्हती आणि म्हणून त्या बाजूवर पन्नास वर्षांत एकही टाचणी फिरली नव्हती. सर्व पेटीत इतकी न झिजलेली बाजू दुसरी नव्हती. आजोबांना हे ठाऊक होते की काय? त्यांच्या नजरेतून एवढी गोष्ट सुटली असेल, असे मला वाटत नाही. मग त्यांनी ती का लावली नाही, हे विचारावयास ते आता नाहीत.

आम्ही ती बाजू धुतली, वाळविली आणि एकदाच लावली. संगणकात नक्कल उतरली. तीन मिनिटे आणि वर थोडे सेकंद त्या खोलीत कोणी बोलले नाही. नंतर मी तबकडी नव्या पाकिटात घातली, आजोबांचे जुने पाकीट तिच्यासोबत ठेवले आणि नव्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिले : 'मागची बाजू वाजते.'